विषय: रजिस्ट्रीतला जुना डीएस रेकॉर्ड काढा. कॅशे क्लिअर करून झालाय.

प्रति,
व्यवस्थापक, डोमेन विभाग

तुमच्या ‘मोफत स्थलांतर’ टीमने आमच्या पतसंस्थेच्या डॉट कॉम डोमेनचे नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) बदलले, पण रजिस्ट्रीतला, म्हणजे डॉट कॉमच्या मुख्य नोंदवहीतला, जुना डीएस रेकॉर्ड (आमची सही कुठल्या कीने तपासायची ते सांगणारी नोंद) तसाच ठेवला. नवा झोन, म्हणजे आमच्या डोमेनच्या नोंदींचा संच, साइन केलेलाच नाही. म्हणजे वरचा झोन सगळ्यांना बजावतोय की या डोमेनची उत्तरं सही असेल तरच घ्या, आणि खाली सही करणारं कुणीच नाही. 8.8.8.8, 1.1.1.1, 9.9.9.9 हे सार्वजनिक रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) सही तपासतात, त्यामुळे पत्त्याऐवजी सर्व्हफेल ही चूक देतात. न तपासणारे रिझॉल्व्हर निमूट पत्ता देतात. म्हणून काही सभासदांना साइट दिसते, काहींना नाही, आणि तुमच्या कॉल सेंटरला ‘आमच्याकडे उघडतेय’ म्हणायची सोय होते.

आजही तेच. ‘सर, आमच्याकडे साइट उघडतेय.’ कुठल्या रिझॉल्व्हरवरून बघताय? ‘क्रोमवरून, सर.’ बरं. डीएस काढा म्हटलं, तर ‘तुमच्या डीएनएस पॅनेलमध्ये डीएस नावाचा रेकॉर्डच नाहीये.’ नसणारच! तो डॉट कॉमच्या झोनमध्ये असतो आणि तिथे आमचा हात पोचत नाही, रजिस्ट्रार म्हणून तुमचा पोचतो. मग होल्ड, संगीत, आणि परत येऊन सल्ला: ‘सिक्युरिटीचा इश्यू असेल तर आमचं प्रीमियम एसएसएल घ्या.’ पत्ताच मिळत नाही तिथे ब्राउझर प्रमाणपत्र बघणार कुठे जाऊन? शिवाय आम्हाला प्रमाणपत्र देणारं लेट्स एन्क्रिप्टही डीएनएससेक, म्हणजे हीच सह्यांची साखळी, तपासतं, त्यामुळे आमच्या 90 दिवसांच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरणही याच कारणाने अडलंय. आणि शेवटी हे: ‘सभासदांना सांगा, मोबाइलमधलं प्रायव्हेट डीएनएस बंद करा.’ म्हणजे ठेवीदारांना आम्ही सांगायचं की खरंखोटं तपासणं बंद करा, मग आमची साइट दिसेल. बनावट साइटवाले चोर याहून वेगळं काय सांगतात?

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने 1.1.1.1 ला आमचं डोमेन विचारा, सर्व्हफेल येईल. तोच प्रश्न ‘प्लस सीडी’ लावून, म्हणजे तपासणी बंद ठेवून विचारा, ए रेकॉर्ड, म्हणजे साइटचा पत्ता, मिळेल. मग डॉट कॉमच्या सर्व्हरला डीएस विचारा: अल्गोरिदम 8, डायजेस्ट टाइप 2, आणि जुन्या होस्टच्या कीचा टॅग. नव्या नेमसर्व्हरला डीएनएसकी (सही तपासायची की) विचारा: काही नाही. हे सगळं प्रत्येक तिकिटात चिकटवलंय. प्रत्येक तिकीट ‘रिझॉल्व्ड’ झालंय.

क्रम असा असतो: आधी डीएस काढायचा, त्याचा टीटीएल, म्हणजे तो कॅशेत राहायची मुदत, संपू द्यायचा (डॉट कॉममध्ये 86400 सेकंद, म्हणजे अख्खा दिवस), मग नेमसर्व्हर बदलायचे. तुम्ही आधी नेमसर्व्हर बदलले आणि बाकीचं विसरलात. आता काढला तरी ज्यांच्या कॅशेत तो आहे त्यांना 24 तासांपर्यंत थांबावं लागेल. 2021 मध्ये स्लॅकसारख्या कंपनीलाही याच 24 तासांनी जेरीस आणलं होतं. तुमच्या दर ‘बघून सांगतो’गणिक तो दिवस पुढे जातो.

पॅनेलवरचा टॉगल दाखवू नका. तिथे ‘डीएनएससेक: बंद’ दिसतं आणि रजिस्ट्रीत डीएस तसाच आहे. नवा झोन साइन करून नवा डीएस चढवलात तरी चालेल, पण जुना काढा.

2010 पासून रूट झोन, म्हणजे डॉट कॉमच्याही वरचा सगळ्यात वरचा झोन, साइन होतो. त्याच्या की वापरायचे सोहळे कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात कॅमेऱ्यासमोर, देशोदेशीच्या साक्षीदारांदेखत होतात, कुणाच्या शब्दावर विसंबायला लागू नये म्हणून. तिथपासून इथपर्यंत साखळी शाबूत आहे. तुटलीय ती तुमच्या टेबलावर. आणि जाहिरातीत ‘विश्वासाचं दुसरं नाव’ तुम्हीच!

डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅनच्या 2013 च्या रजिस्ट्रार करारानुसार ग्राहकाने मागितल्यावर डीएस घालणं, काढणं, बदलणं तुम्हाला बंधनकारक आहे. ती मेहेरबानी नव्हे. उद्या संध्याकाळपर्यंत डीएस निघाला नाही तर आयकॅनच्या कम्प्लायन्स विभागाकडे तक्रार जाईल, आणि डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला ऑथ कोडही लागेल. तो 5 दिवसांत द्यावा लागतो, हेही माहीत असेलच. डोमेन हलवलं तरी हा डीएस सोबत जाईल, म्हणून आधी तो काढा, मग आम्ही जातो.

उत्तर तिकिटातल्या पर्यायी मेलवर द्या. आमच्या डोमेनवर पाठवलेली तुमची उत्तरं का पोचत नाहीत, ते वर लिहिलंय.