निवडुंग कुठून आला, हेही विचारावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या बागकामविषयक सदरांत कमी पाण्यावर जगणाऱ्या निवडुंगांचे कौतुक असते, पण विक्रीला आलेले झाड रोपवाटिकेत वाढले की रानातून उपटले, याची चर्चा क्वचितच होते. चिलीतील अटाकामा वाळवंटात वाढणाऱ्या कोपियापोआ या निवडुंगांच्या बाबतीत तरी हा प्रश्न आता टाळता येणार नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने जून २०२४ मध्ये जाहीर केलेल्या लाल यादीनुसार या प्रजातींपैकी ८२ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. २०१३ मध्ये हे प्रमाण ५५ टक्के होते.

जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, तिथे पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलाव्यावर ही झाडे तगतात. त्यांची वाढ अतिशय संथ असते, त्यामुळे मूठभर आकाराचे झाडही अनेक वर्षांचे असू शकते, आणि एक मोठे झाड उपटले की ती जागा भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. हवामानबदल, रस्ते आणि घरबांधणी ही कारणे आहेतच. परंतु समाजमाध्यमांतून फोफावलेली शौकिनांची मागणी आणि तिच्यासाठी होणारी चोरटी तोड हे त्यांतले सर्वांत क्लेशदायक कारण आहे, कारण ते सर्वस्वी आपल्या हातातले आहे. इटलीत २०२० मध्ये अशी हजाराहून अधिक चोरलेली झाडे जप्त झाली आणि पुढच्या वर्षी त्यांतली शेकडो चिलीला परत पाठवण्यात आली. पण झाड नेमक्या कोणत्या टेकडीवरचे, हे ठाऊक नसेल तर ते देशात परतले तरी मूळ जागी परतत नाही.

चोरीचे झाड पुष्कळदा ओळखता येते. वाळवंटातल्या प्रखर उन्हापासून बचाव करणारा राखाडी, भुकटीसारखा थर रानातल्या झाडावर असतो, तर रोपवाटिकेतले झाड अधिक हिरवे दिसते. दुर्दैवाने त्या राखाडी रंगालाच संग्राहक अधिक किंमत मोजतात.

आपल्याकडेही निवडुंगांचा छंद वाढतो आहे आणि परदेशी झाडे घरबसल्या मागवता येतात. जवळजवळ सर्व निवडुंगकुळ ‘सायटीस’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते, आणि भारताने वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली केलेल्या दुरुस्तीने या कराराला देशांतर्गत कायद्याचे बळ दिले आहे. म्हणून विक्रेत्याकडे कागदपत्रे मागावीत, बियांपासून वाढवलेलीच रोपे घ्यावीत, आणि ‘रानातले जुने झाड’ अशी जाहिरात दिसली तर खरेदी करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपल्या पुरवणीत यापुढे एखाद्या दुर्मिळ निवडुंगाची ओळख करून देताना त्याची लाल यादीतील स्थितीही सोबत छापावी, ही विनंती.

आपली,
निवडुंग जोपासणारी एक वाचक, पुणे