मंत्रीसाहेब, याला डेटा एंट्री काहून म्हणता?

माननीय मंत्री महोदय, सादर नमस्कार.

मागच्या हिवाळी अधिवेशनात तुम्ही नागपुरात होते तेव्हा आमच्या पोरांचं काम, म्हणजे शोधनिबंध वाचून रोगजंतूंच्या जीनच्या नोंदी करणं, उभ्याउभ्या पाहिलं, अभ्यासक्रमात क्रेडिटही देऊ, मानधनही देऊ म्हणाले, पोरं खूश झाली. काल तुमच्या खात्याचं पत्र आलं, 'सदर काम डेटा एंट्री स्वरूपाचे असल्याने प्रस्ताव अमान्य.'

डेटा एंट्री? माझी एक विद्यार्थिनी काटोलकडची आहे, घरच्या संत्र्याला डिंक्या लागलेला, जमिनीजवळ सालीतून डिंक गळतो, तो फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जंतूमुळे. ती त्याच्यावरचे पेपर वाचून पीएचआय-बेस नावाच्या डेटाबेससाठी नोंदी करते. ब्रिटनच्या रोथमस्टेडमधे 2005 पासूनचा डेटाबेस आहे हा, रोगजंतूचा कोणता जीन काढला की रोग घटतो ते तिथं जमा होतं, आणि पेपर इतके निघतात की तिथली माणसं पुरत नाहीत म्हणून बाहेरच्या जाणकारांनी भरावं, त्यांनी तपासावं, अशी सोय आहे. आता पेपरात लिहिलंय जीन बंद केल्यावर पानावरचा डाग लहान झाला. पण मग तो जंतू झाडाशिवाय, लॅबमधल्या नुसत्या प्लेटवरही हळू वाढत होता का? तसं असेल तर जंतूच एकूण अशक्त झाला असेल, रोग करायची ताकद घटली असं सरळ लिहिता येत नाही. हे एक पाहायला पोरगी रात्री अकरापर्यंत पेपरच्या पुरवणीतल्या आकृत्या उलटत बसली. एका नोंदीसाठी!

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात अशाच नोंदींची काकाओ नावाची स्पर्धा पदवीच्या पोरांसाठी चालवली, शिक्षण म्हणून.

मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशावर, आहे साहेब, उन्हाळ्यात तास नाही म्हणून पैसे नाही, लॅबच्या नेटचा रिचार्ज माझ्या खिशातून, आणि हे काम माझ्या कुठल्याच गुणांत धरत नाही कारण त्यावर पेपर निघत नाही. फरिदाबादला 2022 मधे इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर झालं, 4 पेटाबाइट जागा, चांगलंच झालं, पण साठवलेलं वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या माणसाला तुमच्याकडे पदच नाही. 1953 च्या नागपूर करारानं आम्हाला अधिवेशन मिळालं, तुम्ही येता, शब्द देता, मुंबईला जाता, अन् मग फाइल सापडत नाही.

क्रेडिट तरी द्या. मानधनाचं नंतर बोलू. सोमवारी ती पोरगी पुढचा पेपर घेऊन येणार आहे, तिला काय सांगू ते लेखी कळवा.

तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक, नागपूर