पानिपतच्या मित्रास

सोलापूर,
१६ जानेवारी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. चादरींच्या गावातला पोरगा ब्लँकेटच्या गावात नोकरीला लागला, म्हणजे मागांचा खडखडाट काही तुझी पाठ सोडत नाही. पण पत्त्यात 'पानिपत' हे नाव वाचलं आणि पत्र हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो.

परवा आपल्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा झाला. साती नंदीध्वज संमती कट्ट्याजवळ आले, बाराबंदी घातलेल्या माणसांचा पूर लोटला आणि 'हर्र बोला हर्र'च्या गजरात अक्षता पडल्या. तेव्हा मला तू आठवलास, आणि १४ जानेवारी १७६१ हा पानिपतच्या लढाईचा दिवसही.

ऐन संक्रांतीला पानिपत झालं असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण संक्रांत साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. त्या हिशेबानं त्या वर्षीची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. म्हणजे ती मराठ्यांच्या छावणीत आली, उपाशी माणसं बघून गेली. कुठला तीळ आणि कुठला गूळ! हे मनात आल्यापासून मला चैन नाही.

ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकून धान्य हाती आलं होतं रे. पण त्याच सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट अडवून बसला. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच जास्त: बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. गंगा-यमुनेच्या दुआबात अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले, आणि इकडे जनावरांसकट माणसांचे हाल सुरू झाले. शेवटी सरदारांनीच भाऊसाहेबांना सांगितलं की असं झुरून मरण्यापेक्षा एकदा तुटून पडू. पहाटे तोंडाला हळद फासून ते बाहेर पडले. इब्राहिमखान गारद्यानं सकाळी अब्दालीकडच्या रोहिल्यांची फळी कापून काढली. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. पुढचं तुला माहीत आहे.

म्हणूनच कुणी परीक्षेत नापास झाला की 'पानिपत झालं' असं म्हणतात ना, ते माझ्या जिवाला लागतं. अर्धपोटी माणसं दुपारपर्यंत जिंकत आली होती!

तुला एक काम सांगतो. गावाबाहेर काला आंब म्हणून स्मारक आहे, तिथं रविवारी जा. सोबत आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली आहे. त्यातली एक भाकरी, वर थोडी चटणी घालून, तिथं ठेव. कुणी विचारलंच तर सांग, सोलापूरहून आली आहे.

तिकडे थंडी फार, कानाला बांधत जा. तुझ्या बाबांचं गुडघ्याचं दुखणं आता बरं आहे, कालच भेटून आलो.

तुझा,
दोस्त