झेनिटचा खटका

सोलापूर,
२ फेब्रुवारी

प्रिय सुहास,

काय बे, परवा फोनवर विचारलंस, "खिशात चांगला मोबाइल असताना तो लोखंडी डबा गळ्यात कशाला?" तेव्हा नुसता हसलो. आता सविस्तर वाच.

बाबांनी दिलेला रशियन झेनिट-ई कॅमेरा आठवतो ना? मी फोटो काढायला शिकलो तो त्याच्यावरच. तेलपाणी करून आणला आणि पुन्हा रोल घालायला लागलो. सेल लागत नाही. उजेड मोजायचा मीटर सेलेनियमचा, उजेड पडला की काटा हलतो. शटरचा वेग १/३० ते १/५०० सेकंद, बस्स. आधी फिल्म ओढायची, मगच वेग बदलायचा. हेलिओस लेन्सला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, दोन कड्या: एकीवर आकडा लावायचा, फोकस झाला की दुसरी फिरवून बंद करायची. एवढी उठाठेव होईपर्यंत समोरचा माणूस कंटाळून आपल्या कामाला लागतो. मला तोच फोटो हवा असतो!

पण खरी चैन उजेड ओळखण्यात आहे. लख्ख उन्हात एफ/१६, म्हणजे भोक लहान, ठेवायचं आणि आयएसओच्या, म्हणजे फिल्म उजेड किती पटकन टिपते त्या आकड्याच्या, जवळचा वेग लावायचा, हा जुना नियम आपल्या गावाला तर फारच मानवतो. ४०० ची फिल्म घातली की दुपारी १/५०० आणि एफ/१६. त्यापुढे झेनिटकडे वेगच नाही. मग मी नवी पेठेत सावलीची बाजू धरतो. तिथे एफ/५.६, म्हणजे भोक मोठं. हल्ली काट्याकडे न बघताच आकडा सुचतो, आणि निगेटिव्ह बरोबर आली की जी मिजास चढते, विचारू नकोस.

संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत गेलो होतो. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या बाराबंद्या, बंदांचे अंगरखे. एवढं पांढरं बघून मीटर फसतो. त्याचं ऐकलं तर बाराबंदी मळकट राखाडी उतरते. म्हणून भोक दीड स्टॉप जास्त उघडलं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). नंदीध्वज पेलणाऱ्याच्या मानेच्या शिरा आणि कापडाच्या चुण्या, दोन्ही आल्यात. रोलमध्ये छत्तीसच फोटो, त्यामुळे बाकी मिरवणूक चक्क डोळ्यांनी पाहिली.

फिल्मचे रंग न्यारे वगैरे लोक म्हणतात, त्यात मला फारसा दम वाटत नाही. घरच्या बारशाला मी मोबाइलच काढतो. रोल महाग आहे रे.

कृष्णधवल रोल घरीच धुतो. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, २० अंशांवर ठेवायचा असतो आणि मे महिन्यात आपल्या नळालाच गरम पाणी! परातीत बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या करतो. कोरे रोल फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे. आईची कुरकुर चालू असते, पण वाळत टाकलेली निगेटिव्ह पहिल्यांदा तीच उजेडाला धरून बघते.

मार्चमध्ये येशील तेव्हा पुण्याहून एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल आण, पैसे देतो. सकाळी भुईकोटात जाऊ. कॅमेरा तुझ्याकडे देईन, पण मीटरवर कागद चिकटवून. बघू तुझा आकडा किती जवळ येतो ते.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश