बाबा, यंदा गुडघे टेकू नका

दादर, 18 डिसेंबर

ती. आई-बाबांस,
जय ख्रिस्त.

आई परवा म्हणाली, बाबा नाताळच्या मिस्साला येणारच नाही म्हणतात. का, तर सगळे गुडघ्यावर असताना मी एकटा खुर्चीत बसू का! फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, एरवीच्या रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे आपण आपली श्रद्धा बोलून दाखवतो त्या प्रार्थनेत, "तो मनुष्य झाला" या शब्दांना आपण नुसती मान लववतो. नाताळला मात्र तिथे सगळं चर्च गुडघे टेकतं. लहानपणी तुम्ही कोपर मारून मला खाली बसवायचात. कशाला, असं विचारलं तर म्हणाला होतात, "देव एवढा उतरला, तुला वीतभर उतरायला जड होतंय?" 25 मार्चलाही तसंच टेकतात, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाला. तिथून 25 डिसेंबर म्हणजे बरोबर 9 महिने. हा साधा हिशेब माझ्या डोक्यात यायला स्वतःचं बाळंतपण व्हावं लागलं. तेही माहेरी नाही, तुमच्या ऑपरेशनमुळे. असो.

बाळ अडीच महिन्यांचं झालं, पण मान अजून धरत नाही. काल अंघोळीची मावशी आली नाही, म्हणून पहिल्यांदा मीच न्हाऊ घातलं. डावा हात मानेखाली, उजव्या हाताने पाणी. साबणाने ते निसटतंय आणि माझेच हात थरथरतायत. एकदम मनात आलं, मरियेनेही असंच धरलं असेल. सगळं जग ज्याच्या हातात आहे असं आपण म्हणतो, त्याची मान कुणीतरी सावरत होतं. त्याचं ढुंगण कुणीतरी धुतलं. (आई, डोळे वटारू नकोस.) इतक्या नाताळांचे उपदेश ऐकले, पण देवालाही उचलून घ्यावं लागलं हे मला त्या टबापाशी कळलं. मेंढपाळांना खूणसुद्धा तीच दिली होती ना? बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बाळ. दुसऱ्या कुणीतरी गुंडाळलेलं.

मग आईने दंडाला धरून उठवलं तर तुम्हाला कसली लाज, बाबा? हरेगावला मतमाउलीच्या, आपल्या मरियामातेच्या, यात्रेला चालत जाणारे पाय तुमचे, ठाऊक आहे मला. पण डॉक्टरांनी नाही म्हटलंय आणि आजारी माणसाला बसण्याची मुभा चर्चनेच दिलीय. त्या शब्दांना बसल्या जागी मान झुकवा. तुमची ती प्रार्थना उणी पडणार नाही.

इथे खिडकीत येशूजन्माचा छोटा गोठा केलाय. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात नाचणी पेरली, बोटभर वर आलीय. 1223 साली संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावात गोठा मांडला तेव्हा खरे बैल-गाढव आणले होते. आमच्याकडे शेजारची मांजर येऊन नाचणी खाऊन जाते. गव्हाणी रिकामीच आहे, 24 च्या रात्री बाळ येशू ठेवू.

मिस्साला पोर्तुगीज चर्चला जाऊ, मागच्या बाकावर. कडेवर पोर असेल, तेव्हा मलाही काही गुडघे टेकता येणार नाहीत.

आई, बाबांची खुर्ची दारापाशी नको, वारं लागतं. आणि शाल विसरू नकोस.

तुमची,
लेक