स्क्रीन वळवणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोपऱ्यातलं टेबल, फाइलींच्या गठ्ठ्यावर स्टीलचा डबा, एवढ्यावरून तुम्ही स्वतःला ओळखाल. मी मानेवाड्याकडचा, कापडी पिशवीवाला म्हातारा.

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि घरं खाली राहिली. पाऊस धरला की पाणी थेट देवघरात. ऑफिसात गेलं की "साहेब साइटवर". शेवटी नातीनं मोबाइलवरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, 10 रुपये भरले. 30 दिवसांची मुदत, उत्तर 29व्या दिवशी: "सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे." उघडलं तर बदलून गेलेल्या साहेबांचा हसरा फोटो, खाली 'लवकरच'. 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की कोणी मागायच्या आत 17 बाबी स्वतःहून जाहीर करा, आणि त्याला मुदत होती 120 दिवसांची. यांचं 'लवकरच' अजून संपलेलं नाही, बाप्पा!

अपिलात रस्त्याच्या कामाचे कागद पाहू द्या असा आदेश झाला. त्या चकरांचं सांगत बसत नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा वाटलं, आता ह्या वाचून दाखवतील आणि आपण मान डोलवायची. तुम्ही डबा उचलून खाली ठेवला, स्क्रीन माझ्याकडे वळवायला गेलात, तर वायर तोकडी. प्लग निसटला, सगळं काळं. दुसरं कोणी असतं तर "उद्या या" म्हणालं असतं. तुम्ही टेबलाखाली वाकलात, ओढणीला धूळ लावून घेतली, प्लग खोचला, पुन्हा सगळं सुरू होईतो थांबलात. मी डोळे बारीक करतोय हे पाहून, न विचारता, अक्षर मोठं केलंत. "वाचा काका, घाई नाही."

34 वर्षं मास्तरकी केली. मागच्या बाकावरच्या पोराला दिसावं म्हणून फळ्यावर मोठं लिहायचो. माझ्यासाठी कोणी अक्षर मोठं केल्याचं आठवत नाही. काहून कोण जाणे, घसा दाटून आला.

मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीत, नाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेली, बिलही निघालेलं. आमच्याकडे ती एकाच बाजूला आहे. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत, पेन पुढे सरकवलंत आणि हळूच म्हणालात, "पान नंबरही लिहून घ्या."

पोर्टलं रोज नवी निघतात, उद्घाटनाला फीत कापतात. ती वायर मात्र कोणी लांब करून देत नाही. साधी माणसं अशी टेबलाखाली वाकतात, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

संत्री घेऊन येणार होतो. पण तुमच्या पाठीमागेच लाचलुचपतवाल्यांच्या 1064 या तक्रार नंबरचा बोर्ड लावलाय. म्हणून नुसतं पत्र.

तक्रार कालच टाकली. पान नंबरासकट.

तुमचा,
पिशवीवाले काका