जुन्या खिडक्या उपटू नका, त्यांचे लोखंड बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र तोंडावर आले की बडोद्यातल्या गल्ल्यांचा दिनक्रमच बदलतो. रात्री सगळे घर गरब्याला जाते आणि मध्यरात्रीपर्यंत दाराला कुलूप असते. पुढे दिवाळीत निम्मी मंडळी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे जातात. या काळात दाराच्या कुलपाची चौकशी सगळे करतात, खिडकीची कोणी करत नाही. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत मात्र मागच्या बोळातली किंवा जिन्यावरची खिडकी हीच आत शिरायची सोपी वाट आहे.

एखाद्या घरात चोरी झाली की शेजारीपाजारी घाबरून सागवानी खिडकी उपटतात आणि अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवतात. हे पत्र मी मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे. सरकत्या खिडकीची पाकळी बसवताना वर उचलून रुळात घालतात, म्हणून वरच्या पट्टीत थोडी जागा सोडावीच लागते. तिथे अडथळा ठोकलेला नसेल, तर तीच पाकळी बाहेरूनही उचलून काढता येते. तिची सगळी भिस्त एका छोट्या आकड्यावर असते. उलट सयाजीराव महाराजांच्या काळातल्या घरांत चार बाय तीन इंची सागाच्या चौकटी अजून शाबूत आहेत. असे लाकूड आज परवडत नाही. ते भंगारात देऊन पत्र्याची नळी विकत घेणे मला पटत नाही.

जुनी खिडकी कमकुवत होते ती ठरावीक ठिकाणी. सर्वांत आधी खालचे आडवे लाकूड. पावसाचे पाणी तिथेच साचते. गज त्या लाकडातल्या भोकांत नुसते उभे असतात. भोके कुजून सैल झाली की गज हाताने वर उचलता येतो, खालून सुटतो आणि जरा तिरका केला की बाहेर येतो. करवत लागत नाही, आवाजही होत नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरात नेमके असेच घडले. सकाळी दोन गज भिंतीला टेकवून ठेवलेले दिसले, वाकलेले नाहीत की कापलेले नाहीत. म्हणून प्रत्येकाने आपल्या खिडकीचा एकेक गज धरून वर ओढून पाहावा आणि खालच्या कोपऱ्यांत टोचा खुपसून पाहावा. टोचा सहज आत गेला, तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्यावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्यांच्या तळमजल्यात शिरले होते, त्यांनी तर हे आधी करावे. भिजून फुगलेले लाकूड वाळताना आकसते आणि त्यातले स्क्रू सैल होतात. वरून दिलेल्या रंगाखाली हे दिसत नाही.

गजांना दोन ठिकाणी आडवी लोखंडी पट्टी हवी. नुसते उभे गज गाडीच्या जॅकने फाकवता येतात. पट्टीतून ओवून वेल्डिंग केले की सगळे गज एकत्र जोर घेतात. हे काम वर्कशॉपमध्ये करून आणावे, सागाच्या चौकटीला लागून ठिणग्या उडवू नयेत. दोन गजांमध्ये चार इंचांहून जास्त फट नको.

बाहेरून नवी ग्रिल लावणाऱ्यांनी भिंतीचा विचार जरूर करावा. आपल्या भिंती विटा आणि चुन्याच्या आहेत. सिमेंटच्या भिंतीत चालणारा फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) इथे ठोकला की वीट तडकते किंवा चुना भुगा होऊन गळतो. ग्रिल कितीही जाड असली तरी पहारीच्या एका झटक्यात सगळी निघते. भिंतीत खोल खड्डा घेऊन होल्डफास्ट (ग्रिलला भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) काँक्रीटमध्ये बसवणे हाच खरा उपाय. ग्रिलवाला यासाठी एक दिवस जास्त मागतो, तो द्यावा. बाहेरून दिसणाऱ्या स्क्रूंची डोकी वेल्ड करून घ्यावीत.

खिडकीची दारे बाहेर उघडणारी असतील तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर राहतात आणि ठोकून काढता येतात. बिजागरीच्या बाजूला दाराच्या कडेत लोखंडी खुंटी बसवावी आणि तिच्यासमोर चौकटीत भोक पाडावे. पिना काढल्या तरी बंद दार हलत नाही. बोल्टचे एक इंची स्क्रू काढून लांब स्क्रू घालावेत. हा खर्च शंभर-दोनशेच्या घरातला आहे.

काचेबाबत एक गैरसमज आहे. टफन्ड काच फुटल्यावर तिचे बारीक दाणे होतात. त्याने माणूस कापत नाही इतकेच, चोर अडत नाही. अडवते ती लॅमिनेटेड काच. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि फुटली तरी ती जागेवर राहते. काचेच्या बाहेरची लाकडी पट्टी चुका मारून बसवलेली असेल, तर ती उचकटून अख्खी काच काढता येते. तिथे स्क्रू लावावेत.

युरोपात खिडक्यांसाठी ईएन १६२७ हे मानक आहे. त्यातल्या आरसी २ वर्गाच्या चाचणीत स्क्रूड्रायव्हर, पाचर अशा साध्या हत्यारांपुढे खिडकीने ३ मिनिटे टिकायचे असते. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण दाट वस्तीत तेवढी खटपट ऐकू जाते आणि चोर सहसा सोडून देतो. आपल्यालाही हा उशीरच विकत घ्यायचा आहे. मात्र आग लागली तर बाहेर पडायला प्रत्येक मजल्यावर एक ग्रिल आतून उघडणारी हवीच. तिची किल्ली घरातल्या सर्वांना ठाऊक असावी आणि खिडकीतून हात घालून मिळणार नाही अशा जागी असावी.

यातले बरेचसे एका सुताराच्या दिवसभराच्या कामाचे आहे. पण आपल्या भागात मुले परदेशी असलेले कितीतरी आजी-आजोबा एकटे राहतात. त्यांना टोचा घेऊन खाली वाकता येत नाही आणि अनोळखी कारागिराला घरात घ्यायची भीती वाटते. जुने भाडेकरू असतील तर घरमालक खर्च करत नाही आणि स्वतः करू म्हटले तर परवानगी देत नाही. आमच्या गणेशोत्सव मंडळांना माझी विनंती आहे की विसर्जनानंतर आणि घटस्थापनेच्या आधी मधले जे दिवस मिळतात, त्यांत ओळखीचा सुतार आणि दोन कार्यकर्ते घेऊन अशा घरांच्या मागच्या खिडक्या तपासाव्यात आणि घरमालकांशीही मंडळानेच बोलावे. यंदा मी स्वतः आमच्या मंडळासोबत जाणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे